लालीवर हिरवा हात

शुक्रवारी संध्याकाळी मॅडम न्हाणीघरातल्या आरशासमोर उभ्या होत्या आणि आरशातून एक पिकलेला टोमॅटो त्यांच्याकडे बघत होता. टोमॅटोला कपाळ होतं, गाल होते, हनुवटी होती आणि सगळीकडे बारीक बारीक ठिपके होते. नाकाचा शेंडा तेवढा सुटला होता. त्यामुळे ते नाक दुसऱ्या कुणाचं तरी आणून बसवल्यासारखं दिसत होतं.

घाबरायचं तसं काही कारण नव्हतं. हे सगळं त्यांनी स्वतःच्या मर्जीनं, दुपारची रजा टाकून करून घेतलं होतं. कॉलेजच्या वयात आलेले मुरूम गेले, पण जाताना गालांवर खड्डे ठेवून गेले. ते खड्डे घेऊन मॅडमनी लग्न केलं, संसार केला, नोकरी केली. मग त्यांची नणंद एका स्किन क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागली आणि येता-जाता त्यांच्या गालांकडे गिऱ्हाईक बघावं तसं बघायला लागली.

"वहिनी, मायक्रोनीडलिंग करून घे. बारीक सुयांचं एक पेन असतं, ते चेहऱ्यावरून फिरवतात. कातडीला वाटतं, आपल्याला जखम झाली. ती लगेच नवीन कातडी तयार करायला घेते."

"म्हणजे कातडीला फसवायचं?"

"फसवायचं कशाला? कामाला लावायचं."

लोकांना कामाला लावणं हा मॅडमचा आवडता विषय होता, त्यामुळे त्यांना ते पटलं. डॉक्टरबाईंनी सुया फिरवून झाल्यावर बजावलं होतं, "लाली दोन-चार दिवसांत उतरेल. तोवर ऊन नको, घाम नको, चेहऱ्याला हात नको. आणि मेकअप तर लगेच मुळीच नको. कातडी उघडी असते, जे लावाल ते आत जाईल." मॅडमनी समाधानानं मान हलवली. मेकअपची त्यांना काय भीती? त्यांच्या घरात पावडरचा डबासुद्धा नव्हता.

त्याचं कारण त्यांची नोकरी. मॅडम बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाच्या प्रमुख होत्या. खाण्याच्या वस्तू जिथं बनतात तिथं पावडर, लिपस्टिक, नेलपॉलिश, कानातलं, काही चालत नाही. 'मेकअप करून आत येऊ नये' अशी पाटी दारावर होती, पण पाट्या वाचायच्या असतात हे कुणाला माहीत असतं? मग मॅडमनी एक युक्ती काढली. दारात एक मावशी बसवल्या आणि त्यांच्या हातात पांढऱ्या कागदांचा गठ्ठा दिला. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या गालावरून कागद फिरवायचा. कागद कोरा निघाला तर आत, नाहीतर नळावर जाऊन तोंड धुवायचं. तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव 'कागदवाल्या मॅडम' पडलं. ते आपल्याला माहीत नाही असं त्या दाखवत. मनातून त्यांना ते आवडायचं.

फक्त एक काटा सलत होता. आधीचे प्रमुख सोडून गेल्यावर मॅडम त्यांच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा दारावर नवी पाटी लागली: 'प्रमुख (प्रभारी)'. टेबल त्यांचं, किल्ल्या त्यांच्या, बोलणी खायची तीही त्यांनीच, आणि एवढं करून त्या प्रभारी. दर वर्षी साहेब म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." यंदा मात्र साहेबांनी शब्द दिला होता. "मोठ्या गिऱ्हाईकाचा ऑडिटर कारखाना तपासायला येतोय. त्यानं आपल्याला पास केलं, की ते 'प्रभारी' मी माझ्या हातानं खरवडून काढतो." ऑडिट पुढच्या गुरुवारी होतं. शुक्रवारी सुया, सोमवारपर्यंत घर, गुरुवारी नवा चेहरा आणि नवी पाटी. हिशोब अगदी चोख होता.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"मॅडम, ऑडिटर उद्याच येताहेत. गुरुवारी त्यांना जमत नाही म्हणे. तयारी आहे ना?"

"आहे साहेब," मॅडम म्हणाल्या. तयारी होतीच. तयारी नव्हती ती फक्त तोंडाची.

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि आई गं म्हणून लगेच काढला. मग त्या बाहेरच्या खोलीत आल्या. नवरा टीव्ही बघत होता. त्याचं रंगाचं दुकान होतं; दिवसभर गिऱ्हाइकांना भिंतींचे रंग दाखवून तो इतका दमायचा, की घरी आल्यावर त्याला कुठलाच रंग दिसायचा नाही.

"अहो, माझं तोंड बघा."

"बघतोय की," नवरा टीव्हीकडे बघत म्हणाला.

"उद्या ऑडिट आहे. अशा तोंडानं मला आत जाता येणार नाही. चेहऱ्यावर पुरळ, जखम, लाली, काहीही असलं तर कारखान्यात पाय ठेवायचा नाही असा नियम आहे."

"कुणी केला असला नियम?"

"मीच."

नवऱ्यानं आता मात्र वळून पाहिलं. त्याचा चहाचा कप हातातच राहिला. "बाप रे! मग सुट्टी घे की."

"ऑडिटच्या दिवशी सुट्टी? 'प्रभारी' राहिलं बाजूला, दारावर 'माजी' लावतील!"

रात्री जेवायच्या आधी नणंद हजर झाली. खांद्याला पिशवी, पिशवीत डब्या. वहिनीचा चेहरा बघून तिनं आधी "किती छान रिझल्ट येणार आहे!" असं म्हणून घेतलं आणि मगच खाली बसली.

"डॉक्टर नको म्हणाल्यात," मॅडमनी तिला आठवण करून दिली.

"डॉक्टर सगळ्यांना नको म्हणतात. मी रिसेप्शनला बसते वहिनी, ऐकून कोण कोण गप्प बसतं ते मला विचार." तिनं एक छोटी कांडी काढली. टोपण उघडलं तर आत हिरवागार रंग.

"हिरवं?"

"लाली हिरव्यानं मरते. आधी हे, त्यावर तुझ्या रंगाचं. कुणाच्या बापालाही कळणार नाही."

आणि इथं नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. आज पहिल्यांदाच बायकोच्या चेहऱ्याचा प्रश्न त्याच्या धंद्यात आला होता. "बरोबर बोलतेय ती. लाल भिंतीवर सरळ क्रीम कलर दिला की खालून गुलाबी मारतो. मधे हिरवट हात द्यावाच लागतो. पण एका हातात भागायचं नाही हं. दोन हात दे. आणि पहिला नीट वाळला पाहिजे, नाहीतर पोपडे धरतील."

"मी भिंत आहे का?"

"भिंत असतीस तर आधी पॉलिश पेपर मारला असता."

"तो आज दुपारी मारून झालाय, दादा," नणंद म्हणाली.

मॅडमना एका गोष्टीची तेवढी धास्ती होती, ती म्हणजे दारातला कागद. पण त्यावरही तोड होती. त्या रोज मावशींच्या आधी कारखान्यात पोचत, त्यामुळे त्यांच्या गालाला आजवर कागद लागलाच नव्हता. उद्याही लवकर जायचं, आत घुसायचं आणि दिवे जरा मंद असतील अशा कोपऱ्यात उभं राहायचं. झालं!

सकाळी नणंदेनं दोन हात दिले. मिठाच्या पाण्यानं तोंड धुतल्यासारखी आग झाली, पण मॅडमनी दातांवर दात दाबून सोसलं. घरच्या पिवळ्या दिव्यात चेहरा बरा दिसत होता. म्हणजे नुकतंच आजारातून उठलेल्या, पण सभ्य बाईसारखा. नवऱ्यानं जरा लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि "फिनिशिंग चांगलंय," अशी पावती दिली.

कारखान्याच्या फाटकात पाय टाकला आणि पहिलाच खडा लागला. साहेब ऑडिटरना घेऊन मीटिंगच्या खोलीत आधीच बसले होते. "या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो. आपण सगळे बरोबरच आत जाऊ." लवकर आत घुसायचा बेत तिथंच बारगळला. मीटिंगच्या खोलीत पांढऱ्या ट्यूबलाइट होत्या, आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली काय काय वर येतं हे पिवळा दिवा लावून भाजी विकणाऱ्याला विचारा. साहेबांनी मॅडमकडे जरा निरखून पाहिलं.

"बरं आहे ना मॅडम? जरा... हिरवट दिसताय."

"जागरण, साहेब. तयारीचं."

ऑडिटर मध्यमवयीन, सडपातळ आणि इतके हळू बोलणारे गृहस्थ होते, की समोरच्याला कान पुढं करावे लागत. त्यांची ख्याती मॅडमना माहीत होती. चूक दाखवायच्या आधी ते "धन्यवाद" म्हणत. आणि एकदा चूक सापडली, की 'का' विचारायला लागत. पीठ सांडलं. का? पिशवी फाटली. का? खिळा होता. का? असं करत करत ते मूळ कारणापर्यंत जात आणि ते सापडल्याशिवाय उठत नसत. त्यांच्या 'का'पुढं भले भले कारखानदार रडकुंडीला आले होते.

तिघं दाराशी आले. हात धुतले, डोक्याला जाळ्या लावल्या. मावशी कागदांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऑडिटरच्या गालावरून कागद फिरवला, कोरा. साहेबांच्या गालावरून फिरवला, कोरा. मॅडम मधल्या मधे, काहीतरी आठवल्यासारखं करून, दारातून सटकायला लागल्या.

"मॅडम, कागद."

"मावशी, अहो मी आहे."

"तुम्हीच सांगितलंय ना, मलासुद्धा सोडायचं नाही म्हणून?"

सांगितलं होतं खरं. मावशींना कामावर घेताना जरा रुबाबात सांगितलं होतं. पण अशा गोष्टी बोलायच्या असतात, मनावर घ्यायच्या नसतात, हे मावशींना कोण सांगणार? ऑडिटर हात मागं बांधून बघत होते. मॅडमनी डोळे मिटले आणि गाल पुढं केला.

कागदावर आधी गव्हाळ रंग उतरला आणि त्याच्यामागून हिरवा. मावशींनी कागद उजेडात धरला. नोकरीत त्यांनी गुलाबी पाहिलं होतं, लाल पाहिलं होतं, एकदा चकचकीत निळंसुद्धा पाहिलं होतं. हिरवं पहिल्यांदाच बघत होत्या.

"मॅडम," त्या घाबरून म्हणाल्या, "हे काय? बुरशी?"

बिस्किटांच्या कारखान्यात हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसतो. दाराशी रांगेत उभ्या असलेल्या पॅकिंगच्या बायका एक पाऊल मागं सरकल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण माणूस गांगरला की त्याची जीभ त्याला न विचारता चालते.

"छे! औषध आहे ते," मॅडम म्हणाल्या. "ॲलर्जीचं."

तोंडातून शब्द गेला मात्र, मॅडमनी जीभ चावली. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ॲलर्जी म्हटलं की लोक "काळजी घे हो" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. खाण्याच्या कारखान्यात ॲलर्जी म्हणणं म्हणजे आग आग म्हणून ओरडणं. हे सगळ्यांना शिकवलं होतं कुणी? मॅडमनीच.

"धन्यवाद," ऑडिटर हळूच म्हणाले. "कशाची ॲलर्जी?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि हे तर आणखीच वाईट होतं.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"काल लाइनवर काय चाललं होतं?"

साहेबांना पटकन उत्तर द्यायची सवय होती. "शेंगदाण्याची बिस्किटं."

"आणि आज?"

"साधी," साहेब म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

शेंगदाणा ज्यांना चालत नाही अशी माणसं साधं बिस्किट विश्वासानं खातात. त्यात शेंगदाण्याचा कण राहिला तर एखाद्याच्या जिवावर बेतायचं. म्हणून शेंगदाणा चालवल्यावर सगळी लाइन, म्हणजे पीठ मळण्यापासून खोक्यापर्यंतची यंत्रं आणि पट्टे, रात्री धुऊन काढायची, आणि मगच दुसरं बिस्किट चालवायचं. ऑडिटरनी घड्याळाकडे बघितलं. "मग मला वाटतं, कालचा कण अजून कुठं राहिलेला नाही याची खात्री होईपर्यंत आपण लाइन थांबवू या."

लाइन थांबवणं म्हणजे दिवा घालवणं नव्हे. भट्टीत पोचलेली बिस्किटं मधेच राहिली तर कोळसा होतो, म्हणून ती बाहेर येऊ द्यावी लागतात. ती आली आणि मोठ्या पेट्यांत पडत राहिली. सकाळपासून भरलेले खोके बाजूला काढले गेले, त्यांच्याभोवती लाल पट्टी बांधली गेली. फाटकाबाहेर पडलेली गाडी वळवून परत आणली. पॅकिंगच्या बायका हात मागं घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पळापळ केली नाही. ज्याचं जे काम होतं ते ज्यानं त्यानं मुकाट्यानं केलं. मॅडमनी इतक्या वर्षांत हीच शिस्त सगळ्यांना घोटून घोटून शिकवली होती. आणि आता दाराबाहेर उभं राहून, काचेतून, ती शिस्त आपल्या एका थापेपायी कामाला लागलेली त्या बघत होत्या.

मग सफाईच्या मुकादमांना बोलावलं. लाइन धुणं हे त्यांचं काम. ते त्या कामात म्हातारे झाले होते आणि धुतलेल्या पट्ट्यावर बोट फिरवून, ते बोट लोकांना दाखवायची त्यांना सवय होती.

"रात्री मी स्वतः धुतलीय लाइन," ते म्हणाले. "सांध्यासांध्यात बोट घालून बघितलंय. दाणा काय, दाण्याचं टरफल नाही राहिलं."

"धन्यवाद," ऑडिटर म्हणाले. "मग मॅडमचा चेहरा कशानं झाला?"

मुकादमांनी मॅडमकडे पाहिलं. पट्ट्यात काही राहिलंच नव्हतं, तर ते काय सांगणार? त्यांनी पुन्हा एकदा आपलं बोट निरखलं.

"मुकादम, आज तुम्ही आणि तुमची माणसं बाहेर बसा," साहेब म्हणाले. साहेब वाईट नव्हते, घाबरले होते. "चौकशी होईपर्यंत."

मुकादमांनी काही वाद घातला नाही. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, नीट घडी केली आणि खिशात ठेवली. आणि ते बघून मॅडमना स्वतःची इतकी लाज वाटली, की गालांची आग त्यापुढं काहीच नव्हती. पाटीवर प्रभारी राहो, माजी येवो, नाहीतर पाटीच जावो. म्हाताऱ्या माणसानं आपल्यापायी टोपी उतरवावी?

"टोपी घाला मुकादम," त्या म्हणाल्या. "लाइन स्वच्छ आहे. साहेब, मला ॲलर्जी-बिलर्जी काही नाही. हा मेकअप आहे."

कुणाचा कानांवर विश्वास बसेना. कागदवाल्या मॅडम आणि मेकअप? मॅडम सरळ नळाशी गेल्या आणि गार पाण्यानं तोंड धुतलं. हिरवं पाणी गेलं, गव्हाळ पाणी गेलं आणि खालून कालचा टोमॅटो निघाला. सकाळच्या मेकअपनं तो आणखीच रसरसला होता.

"अगं बाई गं!" मावशी म्हणाल्या. "त्यापेक्षा बुरशी बरी होती."

मीटिंगच्या खोलीत सगळे परत बसले. ऑडिटरनी पेन उघडलं. "मेकअप. का?"

"लाली लपवायला."

"लाली का?"

"मी काल चेहऱ्यावर सुया टोचून घेतल्या."

पेन थांबलं. खाण्याच्या कारखान्यात दुसरा वाईट शब्द कुठला असेल तर तो हा. "सुया?" ऑडिटर म्हणाले. "धातूच्या? किती? सगळ्या परत निघाल्या याची कुणी खात्री केली?"

मॅडमनी नणंदेला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. त्यांनी "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून सुरू झालं.

"वहिनी! कुणाला कळलं नाही ना? मी म्हटलं होतं ना, कुणाच्या बापालाही कळणार नाही! आणि तुझा तो खडूस ऑडिटर आला का?"

"समोर बसलेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सुयांबद्दल विचारायचंय."

पलीकडे एक खुर्ची सरकली. मग एकदम रिसेप्शनचा आवाज आला, गोड आणि सरळ. "नमस्कार सर. सुया एकाच बंद टोपीत बसवलेल्या असतात. सुट्या होत नाहीत. एका माणसाला वापरली की टोपी अख्खीच टाकून देतात."

तेवढ्यावर ऑडिटरचं समाधान झालं, पण मॅडमचं होईना. शेवटी त्या मॅडम होत्या. त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला धातू शोधायचं हातातलं यंत्र घेऊन बोलावलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून सगळीकडे फिरवून घेतलं. यंत्र गप्प राहिलं. पहारेकरीही गप्प राहिला, पण त्याला ते फार जड गेलं.

ऑडिटरनी पेन मिटलं. मग त्यांनी घसा साफ केला. मॅडमनी मनातल्या मनात खुर्चीला रामराम ठोकला.

"धन्यवाद," ऑडिटर म्हणाले. "मी आज गुपचूप एक परीक्षा घेणार होतो. खोटा धोका सांगायचा आणि लाइन किती लवकर थांबते ते बघायचं. आता ती घ्यायची गरज नाही. इतक्या शांतपणे थांबलेली लाइन मी अजून पाहिली नव्हती. मॅडमनी मेकअप करून यायला नको होतं, खोटं तर मुळीच बोलायला नको होतं, ते मी लिहिणार. पण स्वतःच्या प्रमुखाला अडवणारं दार मी आज पहिल्यांदा बघितलं. तो कागद मला फार आवडला. मी मघाशीच आमच्या मुख्य ऑफिसला कळवलंय. या सोमवारपासून आम्हाला माल देणाऱ्या सगळ्या कारखान्यांत दारात पांढरा कागद. आत जाणाऱ्या प्रत्येकाला. ऑडिटरलासुद्धा."

"म्हणजे आपण पास?" साहेबांनी विचारलं.

"पास."

साहेबांना राहवेना. "मी लाइन सुरू करायला सांगतो," म्हणत ते उठले, पण लाइनकडे न जाता आधी मॅडमच्या खोलीच्या दाराशी गेले. किल्लीनं काहीतरी खरवडल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर उतरलं आणि चरचरलं, पण त्यांनी पुसलं नाही. चेहऱ्याला हात लावायचा नव्हता.

खोलीत आता ऑडिटर आणि मॅडम दोघंच उरले. ऑडिटरनी पेन पुन्हा उघडलं. "एकच राहिलं. मूळ कारण. सुया टोचून घेतल्या, ते ठीक. पण ऑडिटच्या आदल्या दिवशी का?"

"ऑडिट दुसऱ्या दिवशी नव्हतंच," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी होतं. तोवर चेहरा बरा झाला असता."

"मग आज का झालं?"

"तुम्ही आज आलात म्हणून."

पेन कागदावर टेकलं होतं ते तिथंच राहिलं. मॅडम इतकी वर्षं 'का'ची उत्तरं देत आल्या होत्या. आता पाटीवरचं प्रभारी गेलं होतं, आणि त्यांना एकदम वाटलं, आपणही विचारून बघावं.

"तुम्ही आज का आलात?"

"गुरुवारी जमत नव्हतं."

"का?"

"त्या दिवशी मला जरा दुसरीकडं जायचंय."

"कुठं?"

ऑडिटरनी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. तरी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. "स्किनच्या डॉक्टरकडं."

मॅडमनी पहिल्यांदाच त्यांच्या गालांकडे नीट पाहिलं. खड्डे होते. त्यांच्यापेक्षा जास्त होते.

"रोज नवीन लोकांसमोर उभं राहावं लागतं," ऑडिटर सांगत होते. "मी त्यांना त्यांच्या चुका दाखवतो आणि ते माझ्या गालांकडं बघत असतात. घरी कुणाला सांगितलेलं नाही." ते जरा घुटमळले. "दुखतं का हो फार?"

"मुंग्या चावल्यासारखं. क्रीम लावून आधी बधिर करतात," मॅडम म्हणाल्या. त्यांना त्या माणसाची मनापासून दया आली. "घाबरू नका. पण नंतर घरी बसा. माझ्यासारखं करू नका."

"तोच तर प्रश्न आहे. गुरुवारी सुया आणि शुक्रवारी मला चॉकलेटच्या कारखान्यात ऑडिटला जायचंय. मी म्हटलं होतं, वरून जरा काहीतरी लावून..."

"लावा की," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण दारात कागद असेल."

ऑडिटरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सोमवारपासून, सगळ्या कारखान्यांत, ऑडिटरलासुद्धा. कळवून झालं होतं. त्यांनी डायरीची पानं मागं-पुढं केली. मग त्यांना मार्ग सुचला असावा, कारण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी फोन काढून एक नंबर लावला.

"नमस्कार. गुणवत्ता प्रमुख मॅडम आहेत का? हं, तुम्हीच का? मी ऑडिटर बोलतोय. शुक्रवारी यायचं होतं ना, त्यात जरा बदल आहे. मी सोमवारीच आलो तर चालेल?"

पलीकडून उत्तर येईना. ती शांतता मॅडमना फार ओळखीची वाटली.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "आधी विचारा, त्यांचा चेहरा कसा आहे."